‘फायनल’नंतरची चाल

घरगुती संगीतकार हा मराठी मध्यमवर्गात अलीकडे उदयास आलेला विशेष होय. पूर्वी चाली लावण्याची हौस असलेल्या गृहस्थास पेटी, वही आणि सहनशील कुटुंब एवढ्यावर भागवावे लागे. आता संगणक, कंडेन्सर मायक्रोफोन आणि मायक्रोफोनमधला आवाज संगणकाला कळेल अशा आकड्यांत बदलणारी ऑडिओ इंटरफेस नावाची डबी एवढे साहित्य आणले की निजायच्या खोलीचा स्टुडिओ होतो, आणि कुटुंबाच्या सहनशीलतेची गरज मात्र कमी होत नाही.

कंडेन्सर मायक्रोफोन बारीकसारीक आवाजही टिपतो, हा त्याचा गुण आणि तोच दोष. गायकाच्या आवाजातील कंप जितक्या निष्ठेने तो नोंदवतो, तितक्याच निष्ठेने कुकरची शिट्टी आणि भंगारवाल्याची आरोळीही नोंदवतो. म्हणून ऐन वैशाखात पंखा बंद केला जातो, आणि भिंतींवरून परतणारा आवाज कापडात जिरतो या शास्त्रीय सत्याला अनुसरून संगीतकार पत्नीच्या साड्यांच्या कपाटात तोंड घालून गातो. विरहगीतास डांबरगोळ्यांचा वास येतो तो असा. सुदैवाने तो अद्याप मुद्रित होत नाही. पुण्यात तर ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की हे काम अनंत चतुर्दशीपर्यंत तहकूबच समजावे.

चाल बहुधा शब्दांच्या आधी सुचते, आणि ती विसरू नये म्हणून तिच्यात वाटेल ते शब्द तात्पुरते भरतात, ज्यांना या व्यवसायात ‘डमी’ म्हणतात. समोर सोसायटीची सूचना पडलेली असल्यास ध्रुवपद ‘उद्या पाणी येणार नाही’ असे होते. पुढे कविता करणारे मेहुणे लघु-गुरूंचा, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांच्या मात्रांचा, काटेकोर हिशोब करून प्रियकराच्या न येण्याविषयी ओळ लिहून देतात. परंतु पाण्याच्या न येण्यात जी आर्तता होती ती तिच्यात उतरत नाही, हे मेहुण्यांखेरीज सर्वांना जाणवते.

खरा आनंद यानंतरच्या संस्करणात असतो. पूर्वी अशा संस्करणास सवड नसे: ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत, स्टुडिओचे भाडे तासावर चढे, आणि १९५५च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले तेव्हा गदिमा आणि सुधीर फडके यांना दर आठवड्याला नवे गाणे द्यावेच लागे. छप्पन्न गाणी अशीच तयार झाली. गाणे पुरे करण्याचे काम प्रतिभेइतकेच घड्याळाने केले आहे, हे संगीताच्या इतिहासकारांनी अधिक मोकळेपणाने मान्य करावयास हवे. घरात हे घड्याळ नाही. त्यामुळे ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘फायनल नक्की’ अशा नावांच्या फायली वाढत जातात आणि प्रत्येकीत तानपुरा मागच्यापेक्षा किंचित हळू असतो.

आपल्या पद्धतीच्या समर्थनार्थ हा गृहस्थ अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा दाखला देतो, ज्याचा १९८२चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर ध्वनिमुद्रित झाला. त्याच गाण्यांची वाद्यवृंदासह सुधारित आवृत्ती करण्याचा प्रयत्न पुढे झाला, ती मनास येईना, आणि अखेर मूळची कच्ची कॅसेटच प्रसिद्ध केली गेली, हा उत्तरार्ध मात्र तो सांगत नाही.

पत्नीचे मत मागितले जाते, आणि ‘पहिलीच बरी होती’ एवढेच ती सांगते. ते खरे असते. पण पहिली फाईल दुसरीस जागा करून देण्यासाठी केव्हाच पुसलेली असते. त्यामुळे सध्या तो तीतला सहजपणा परत आणण्यासाठी रोज पहाटे मेट्रोनोम लावून, काळी एक पट्टीत, सहजपणाची तालीम करीत असतो.