वेताळाचा पितांबर

पेणच्या कारखान्यांत आखणी करणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘नाही’ हा शब्द सहसा येत नाही. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. माती मळणारा वेगळा, साच्यातून मूर्ती काढणारा वेगळा, गन मारून बॉडी कलर चढवणारा वेगळा. डोळ्यांना हात लावायचा तो मात्र आमच्या भाऊंसारख्यांनीच. हमरापूर-जोह्याकडून निरोप येतो, ‘टिटवाळा, दोन फुटी, परवा गाडी लागणार.’ भाऊ झिरो नंबरच्या ब्रशचं टोक ओठांत ओलं करतात आणि म्हणतात, ‘होऊन जाईल.’

संकट आलं ते रोह्याहून. तिथल्या एका हौशी संपादकांनी गूढकथांचा दिवाळी अंक काढायला घेतला. मुखपृष्ठावर वेताळ हवा होता आणि मुंबईचा चित्रकार परवडत नव्हता. म्हणून साहेब ऐन आषाढात रोह्याहून गाडी पकडून पेणला उतरले. त्या दिवसांत कारखान्यात मांजरालासुद्धा वाट नसते. लालबागच्या राजांच्या रांगेत अंग चोरून उभे राहत त्यांनी वेताळ समजावून सांगितला : डोळे रक्ताळलेले, सुळे बाहेर आलेले, जटा सुटलेल्या. बघणाऱ्याची बोबडी वळली पाहिजे.

‘होऊन जाईल.’

मुखपृष्ठ ही काय चीज आहे हे भाऊंना कळत नव्हतं असं कोणी समजू नये. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या जोडीला अंक लागतो, पण भाऊंच्या लेखी अंक म्हणजे वरचं पान, आतला मजकूर हे पॅकिंग. दलालांच्या ‘दीपावली’चे आणि मुळगावकरांच्या ‘रत्नदीप’चे जुने अंक त्यांनी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपले आहेत. मुळगावकरांच्या स्प्रेच्या कामाचा विषय निघाला की हातातला ब्रश वाळून जातो. ‘कांतीवर काय तेज आणायचा माणूस! आम्ही गन मारतो, तो नुसता धुरळा.’ दलालांच्या बायकांबद्दल मात्र ते वहिनी आत गेल्यावरच बोलतात.

गणपती गेले, देव्या अंगावर आल्या, आणि मधल्या पितृपक्षात वेताळाचा बोर्ड निघाला. तिथी तरी बरोबर साधली. संपादक चित्र बघायला आले तेव्हा मी तिथेच होतो. वेताळ पिंपळाखाली बसला होता, पण एक पाय दुमडून, लोडाला टेकून. अंगाला उरलेला बॉडी कलर, गुलाबी. कमरेला केशरी पितांबर, त्याच्या निऱ्या तर अशा सुबक की साड्यांच्या दुकानवाल्याने हेवा करावा. उजवा हात अभय देत होता. डाव्या तळहातावर कवटी होती म्हणे. तिला कळ्या पाडल्या होत्या.

‘भाऊ, हे मोदक खातंय!’

‘कवटी आहे, साहेब. उकडीची वाटते का?’

पण खरी गोची डोळ्यांची होती. गणपतीची नजर किंचित खाली ठेवतात, समोर हात जोडून उभा असेल त्याच्यावर ती पडावी म्हणून. भाऊंनी श्वास रोखून पापणीची रेघ एका दमात ओढली होती, बुबुळाच्या कडेला पांढरा ठिपका टेकवला होता. साहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी लाल रंग भरून पाहिला. वेताळ रागावलेला काही दिसेना. रात्रभर जागून भक्तांची गाऱ्हाणी ऐकल्यासारखा दिसू लागला. आता आयुष्यभर ज्या हाताने एकच नजर काढली, त्याला क्रूर नजर जमणार कुठून?

संपादकांनी सुळ्यांवर बोट ठेवलं. एक अखंड होता, दुसरा अर्धा मोडलेला.

‘हा का तुटलाय?’

भाऊ गोंधळले. ‘तो असाच असतो ना?’

दुसरं चित्र करून घ्यायला सवड नव्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, सगळा रोहा रस्त्यावर असतो. तेव्हा अंक विकायला हवा होता. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि तेच चित्र छापलं. आतल्या कथा भयंकर होत्या, त्यांची कसर भाऊंच्या वेताळाने भरून काढली, असं मी साहेबांना म्हटलं नाही.

पुढच्या आषाढात ते पुन्हा आले. या खेपेला भीतीचं नावच नको, जलपरी द्या म्हणाले. भाऊंनी ब्रश ओठांत ओला केला.

‘होऊन जाईल. शेपूट डावीकडे वळवू ना, साहेब? उजवीकडच्याचं सोवळं फार असतं.’