बंदूक दारं धरत नाही

आळेफाट्याच्या चौकात चहाला थांबलं की चार रस्त्यांची माणसं एका बाकावर भेटतात. कुणी पुण्याहून आलेला, कुणी नाशिकला निघालेला, नगरकडचा कांदेवाला, माळशेज उतरून कल्याण गाठायचं असलेला टेंपोवाला. विषय सगळ्यांचा एकच आणि त्याचा शेवटही ठरलेला: ‘एकदाच्या गोळ्या घाला सगळ्यांना.’ सगळ्यांना म्हणजे बिबट्यांना. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात.

गोळीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. पाच वर्षांची पोर, सत्तरी ओलांडलेली आजी आणि तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला. ४ नोव्हेंबरच्या रात्री त्याच शिवारात एका बिबट्याला गोळी घातली. ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घरासमोर उभं राहून सहजीवनावर प्रवचन देणाऱ्याची मला चीड येते. माणसावर चटावलेलं जनावर मारलंच पाहिजे आणि ते चौथा बळी जायच्या आत मारलं पाहिजे.

पण त्या रात्रीनंतर चौकात जो हिशेब मांडला जातो, एक मारला तर एवढी शांतता, मग शंभर मारले तर कायमची शांतता, तो हिशेब चुकीचा आहे. आणि चुकीच्या हिशेबाची किंमत पुन्हा उसाच्या कडेला राहणारी पोरंच मोजतात, म्हणून हे लिहितोय.

नरभक्षकाच्या शिकारीत बंदूक चालवणं ही शेवटची आणि त्यातल्या त्यात सोपी गोष्ट. अवघड असतं ते जनावर ओळखणं. जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये मारला. त्या एका जनावराच्या नावावर सव्वाशे बळी नोंदले गेले होते. त्याच्यामागे कॉर्बेटने दोन वर्षांत कित्येक रात्री झाडावर आणि वाटेवर बसून काढल्या. दिसेल तो बिबट्या मारायचा असता तर त्याच्यासारख्या पट्टीच्या शिकाऱ्याला एवढं बसावं लागलं नसतं. आमच्या उसात बिबट्या दिसतो तो बॅटरीच्या उजेडात, तीन सेकंद, तोही शेपटीकडून. ठसे, कॅमेऱ्यातले फोटो, अंगावरच्या ठिपक्यांची ठेवण हे सगळं जुळवल्याशिवाय गोळी सुटली तर भलतंच जनावर मरतं आणि खरं जनावर मोकळं राहतं. गाव मात्र त्या रात्री निर्धास्त होऊन पोरांना अंगणात सोडतं. ही धास्ती मला जास्त वाटते.

आता पिंजरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचून बघा. त्यात मारणं आहे, तसं पकडणं, फास लावणं, सापळा लावणं आणि आमिष दाखवणंही आहे. म्हणजे पिंजऱ्यात शेळी बांधून ठेवणं ही कायद्याच्या लेखी शिकारच. बिबट्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, म्हणून त्याला पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की बिबट्या जागचा हलवणं हीसुद्धा मोठी ढवळाढवळ आहे. आमच्याकडे मात्र पिंजरा हा लोकांचा राग निवळवायचा उपाय होऊन बसलाय. गाव चिडलं की पुढारी येतो, पुढारी आला की पिंजरा येतो.

तो पिंजरा जवळून बघितलेला माणूस विसरत नाही. लोखंडी, लांबट, आतून दोन खण. मागच्या खणात शेळी, मध्ये जाळी. पुढच्या खणाच्या तळाशी पत्रा; त्यावर पाय पडला की वरचं दार धाडकन खाली. वरून उसाचं पाचट टाकून झाकतात. शेळी पहिल्या रात्री ओरडते, दुसऱ्या रात्री कमी ओरडते, तिसऱ्या रात्री तिला सवय होते. आणि सापडतो तो बिबट्या बहुतेक वेळा त्या वाटेने नुसता जाणारा असतो. सकाळी गर्दी जमली की तो गजांवर धडका घेतो, नाक फुटतं, सुळे तुटतात. सुळे तुटलेला बिबट्या पुन्हा बाहेर सोडला तर तो काय धरणार? पळणारं जनावर की सावकाश चालणारं? म्हणून असे बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात जन्मभर राहतात आणि जागा अपुरी पडते.

‘मग लांब जंगलात सोडा’ हे उत्तर आपण एकदा करून बघितलंय, तेही इथेच, जुन्नर वनविभागात. २००१ पासून दोन-तीन वर्षं बिबटे धडाधड पकडले आणि डोंगराकडच्या जंगलात नेऊन सोडले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्या नोंदी तपासल्या. मोठ्या प्रमाणावर पकडापकडी सुरू होण्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. पकडून सोडण्याच्या काळात ते सतरावर गेले. कारण समजायला अवघड नाही. घरचा बिबट्या हलवला की ओस पडलेल्या हद्दीत नवखे, तरणे बिबटे घुसतात. आणि जो हलवला तो अनोळखी रानात बिथरतो, परत यायला निघतो. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या गळ्यात कॉलर घालून माळशेजला सोडला, तर तो चालत चालत मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलापर्यंत गेला. त्याने वाटेत कुणाला इजा केली नाही. पण बिबट्या सोडलेल्या ठिकाणी मुकाट राहतो, ही समजूत त्याने मोडून काढली.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्यूमाची, म्हणजे तिथल्या मोठ्या रानमांजराची, शिकार परवान्याने होते. तिथल्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये दाखवलं की ज्या भागात एका वर्षी जास्त प्यूमा मारले, तिथे पुढच्या वर्षी तक्रारी वाढल्या. मोठी, जाणती जनावरं गेली आणि पोरसवदा उरली. शिकारीला मोसम, मोजणी आणि परवाना यांची शिस्त असलेल्या देशात हे घडलं. आपल्याकडे तर बिबट्यांचा नेमका आकडाच रोज नवीन ऐकायला येतो.

मुळात आमचा बिबट्या जंगलातून आलेलाच नाही. तो इथला आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला. आडसाली लागण सोळा-अठरा महिने उभी राहते. आत गारवा, कडेला पाट, वस्तीवर कुत्री. मादी तिथेच वेते. पुढे कारखाना सुरू झाला, तोड आली की सरीत डोळे न उघडलेली पिल्लं सापडतात. तेव्हा काय करायचं ते आता इथल्या तोडकऱ्यांनाही माहीत झालंय: पिल्लांना हात लावायचा नाही, वनखात्याला फोन करायचा. खात्याची माणसं पिल्लं तपासतात आणि अंधार पडता पडता टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवून क्रेट त्याच जागी मांडतात. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो जातात तोच प्लॅस्टिकचा क्रेट. रात्री आई येते, क्रेट पाडते आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. पिल्लं उचलून नेली असती तर ती मादी त्या वस्तीभोवती चवताळून फिरली असती. एका क्रेटने आणि चार तासांच्या धीराने जे साधतं, ते बंदुकीने साधत नाही. वन्यजीव व्यवस्थापन या जड शब्दाचा अर्थ मला त्या क्रेटपाशी कळला.

शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो ते तपासलं, तर सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांपेक्षा किती तरी जास्त असूनही त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास. शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रं उकिरड्यावर असतं, एवढाच फरक. हॉटेलांमागे टाकलेलं खरकटं, चिकनच्या दुकानांमागची आतडी, मेलेलं वासरू ओढ्यात ढकलून देण्याची सवय, हे सगळं कुत्री पोसतं आणि कुत्री बिबट्या पोसतात. आळेफाट्यापासून ओतूरपर्यंत रस्त्याच्या कडेने संध्याकाळी चालून बघा. बिबट्याच्या जेवणाचं ताट आपणच वाढतोय.

आणि शिकार आपल्याकडे बंद झालीय असं कुणी समजू नये. रात्री मोटरसायकलवर बॅटरी लावून सशाला दिपवून मारणारी टोळकी मला ठाऊक आहेत. रानडुकरासाठी बांधाच्या कडेला क्लचवायरचे फास लागतात, त्यात बिबट्याही कंबरेत अडकतो. ससा मारणं हाही गुन्हा आहे. पण गावात त्याची ‘हौस’ म्हणून गणना होते. रानातलं लहान जनावर आपण संपवायचं आणि मोठ्याने वस्तीवर येऊ नये अशी अपेक्षा करायची, हे जमणार नाही.

दुसरी हौस नवी आहे. शनिवारी रात्री शहरातून गाड्या येतात, उसाच्या कडेने हळू चालतात, खिडकीतून झोत फिरतो. बिबट्या दिसला की गाडी थांबते, मोबाइल निघतात. गावातली पोरंही त्यांना वाटा दाखवतात. त्या झोताने बुजलेलं जनावर ज्या वस्तीत घुसतं, तिथे ती गाडी राहत नाही. विहिरीत पडलेला बिबट्या काढताना तर हे रोजचंच. दोराने बाज खाली सोडलेली असते, बिबट्या तिच्यावर भिजून बसलेला असतो. काठावर चारपाचशे माणसं ओणवी, आरडाओरडा, वर यायला वाट नाही. खात्याच्या चार माणसांनी बिबट्याकडे बघायचं की गर्दीकडे? जंगल बघायची आवड मी मानतो, माझीही आहे. पण रात्रीचा झोत आणि विहिरीच्या काठावरची जत्रा ही आवड नाही, दुसऱ्याच्या पोराच्या जिवाशी खेळ आहे. आंबेगव्हाणला बिबट सफारीची घोषणा झाली आहे. ती होवो, माणिकडोहचे कायमचे कैदी तरी मोकळ्या जागेत फिरतील. मात्र सफारी म्हणजे उपाय असं कुणी सांगू नये.

बिबट्यांच्या नसबंदीचा प्रयोग जुन्नरपासून करायला केंद्राने परवानगी दिली, तीही चांगली गोष्ट. तिचं फळ दिसायला वर्षं लागतील. तोवर काय?

तोवरचं उत्तर प्रत्येक वस्तीवर लोकांना पाठ आहे. घराभोवती दहा-पंधरा फूट मोकळं रान, ऊस भिंतीला चिकटलेला नको. परसात दिवा. गोठ्याला वरूनही जाळी. शौचालय घराला लागून. लहान पोराला संध्याकाळी एकटं अंगणात बसू द्यायचं नाही. बसलेलं, वाकलेलं माणूस बिबट्याच्या नजरेला लहान जनावरासारखं दिसतं. गवत कापायला, खुरपायला वाकणाऱ्या बाईला म्हणूनच धोका जास्त. पिंपरखेडच्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात उतरल्या, ते फोटो सगळ्यांनी बघितले. तो पट्टा मुळात मेंढपाळाच्या कुत्र्याचा. लांडग्याने नरडं धरू नये म्हणून कुत्र्याच्या गळ्यात घालतात. तो घालून आपल्या आयाबहिणी रानात जातात. याची लाज वाटायला कुणी शिकारी असायला लागत नाही.

आणि सगळ्यात आधी दिवसाची वीज. ही मागणी माझी नाही, या पट्ट्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याची आहे आणि जुनी आहे. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये. ज्या फीडरवर ती पोचली तिथले लोक रात्री झोपतात. ज्यावर पोचली नाही तिथे रात्रीची पाळी चालूच, म्हणजे दारं धरायला, उसाला पाणी द्यायला, अंधारात बिबट्याच्या वाटेवर जावंच लागतं. बिबट्याच्या बळीच्या घरी २५ लाख देणाऱ्या सरकारने, या पट्ट्यातल्या फीडरांना रांगेत पहिलं उभं करायला काय हरकत होती? चौकातली मंडळी ‘गोळ्या घाला’ म्हणून जेवढा आवाज करतात, त्याच्या निम्मा आवाज या एका मागणीसाठी वीज कार्यालयासमोर केला असता तर काही घरांतली माणसं आज असती, असं मला मनापासून वाटतं.

राजुरीकडे माझा एक मित्र आहे. दोन एकर ऊस, एक एकर कांदा. त्याच्या डीपीवर या आठवड्यात रात्रीची पाळी आहे. मागच्या खेपेला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. साडेदहाला लाइट आली, स्टार्टरचा खटका पडला, पाटाला पाणी लागलं. तो खोरं घेऊन वाकला, एका सरीचं दारं फोडून दुसरीचं बांधायला लागला. वहिनी बांधावर बसून स्टीलचं ताट चमच्याने वाजवत होत्या. थांबल्या की तो ओरडायचा, ‘वाजव गं!’ त्यांच्या खिशात मोबाइलवर गाणी मोठ्याने लावलेली होती. पाणी शेवटच्या सरीला पोचायला पहाटेचे चार वाजले. तोवर त्यांनी ताट खाली ठेवलं नाही.