मूर्तिजापुरात ‘काहून’ची साथ

ऐकलं का वहिनी? नाही, कपाशीचा भाव नाही. कुणाची पोरगी कुणासोबत, तेही नाही. त्याहून भयंकर. आपल्या मूर्तिजापुरात लोक विचार करायला लागलेत! तोही सकाळी उठून, चहाच्या आधी.

सुरुवात झाली स्टेशनाकडे फिरायला जाण्यापासून. पूर्वी पहाटे कुणी रस्त्यावर दिसलं की समजायचं, गाडी पकडायची आहे किंवा डॉक्टरने साखर सांगितली आहे. आता म्हणे ‘सुचावं’ म्हणून चालतात! कुणीतरी व्हॉट्सॲपवर स्टॅनफर्ड विद्यापीठाचं पिल्लू सोडलं, आणि पंचाईत अशी की ते खरं निघालं. 2014 मध्ये तिथल्या दोघा संशोधकांनी माणसांना बसवून आणि चालवून पाहिलं, तर चालताना नव्या कल्पना सरासरी 60 टक्के जास्त सुचल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालणाऱ्यांनाही! मात्र ज्या कोड्याला एकच बरोबर उत्तर असतं, तिथे चालण्याचा फायदा दिसला नाही. एवढं मात्र कुणी पुढे पाठवलं नाही. म्हणून आमच्या गल्लीतले एक दुकानदार उधारीचा हिशेबही चालता चालता करतात, आणि तो रोज वेगळा येतो.

मग आल्या वह्या. ज्यूलिया कॅमेरॉन नावाच्या अमेरिकन बाईंनी 1992 च्या पुस्तकात सांगून ठेवलंय: सकाळी उठल्याबरोबर, मनात येईल ते, हाताने तीन पानं लिहा. एका सुनेने लिहिली. सासूबाईंनी वाचली. मायबाई, पुढचं मी सांगत नाही!

पण खरी साथ ‘काहून’ची. टोयोटाच्या कारखान्यातली रीत आहे म्हणे. यंत्र अडलं की पाच वेळा ‘का’, म्हणजे आपलं ‘काहून’, विचारायचं, की मूळ कारण हाती लागतं. शेजारच्या भाऊंनी परवा जेवताना तेच केलं. मी भिंतीला कान लावून... म्हणजे, सहज ऐकू आलं.

“वरण काहून लागलं?”

“गॅस मोठा राह्यला.”

“काहून?”

“मी तिथं नव्हती.”

“काहून नव्हती?”

“दार उघडाले गेलती.”

“तू काहून गेली?”

“तुम्ही उठले नाही म्हणून.”

“मी काहून नाही उठलो?”

“मोबाइल पाहून राह्यले होते!”

पाचव्या फेरीत मूळ कारण सापडलं. ते ताटावरच बसलं होतं. तेव्हापासून भाऊ वरणाबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

आणि विचार करायला लागणाऱ्या मोकळ्या डोक्याची सोय म्हणाल, तर ती आपल्या स्टेशनातच उभी असायची. शकुंतला आगगाडी! इथून अचलपूर 76 किलोमीटर, आणि त्याला चार-चार तास. खिडकीत बसून रान बघण्यापलीकडे काम नाही. तेव्हा आपण तिला रखडगाडी म्हणून नावं ठेवली. आता ती बंद पडली, आणि रिकामा बसलेला माणूस बघायला मिळत नाही. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल.

पण मला मेलीला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. स्टॅनफर्ड झालं, अमेरिका झाली, जपान झालं. आणि वस्तू निघाली घरचीच. देबूजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा, वाढले ते याच तालुक्यात, दापुऱ्याला मामाच्या घरी, ढोरं राखत आणि शेत कसत. 1 फेब्रुवारी 1905 ला त्यांनी घर सोडलं, ते 1956 मध्ये देह ठेवेपर्यंत गावोगाव फिरतच राहिले. गावात शिरले की आधी हाती खराटा. गाव झाडता झाडता गावाचं दुखणंही दिसत असणारच. रात्री कीर्तनात ते प्रश्न विचारायचे. सणासाठी कर्ज, देवापुढे बकरं, माणसामाणसांत शिवाशिव, यांवर प्रश्नामागून प्रश्न, आणि उत्तर समोरच्या लोकांच्याच तोंडून काढायचं. पायाला चाल, हाताला काम, तोंडात प्रश्न. वेगळी वही नको की यंत्र नको.

तेव्हा वहिनी, नाद लागलाच आहे तर पुरता लागू द्या. उद्या फिरायला निघताना मोबाइल घरी ठेवा आणि खराटा सोबत घ्या. आपल्या गल्लीतली नाली तुंबली आहे. काहून, ते पाच वेळा विचारा. पाचवं उत्तर बहुतेक आपल्याच दारातून निघेल.