नाव खोडलं, माणूस उरला

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना आता ‘आभा’ हा चौदा अंकी आरोग्य-ओळख क्रमांक विचारतात. त्याला जोडलेल्या तपासण्या, निदान, औषधं एका जागी पाहता येतात. लोणावळ्यातल्या रुग्णाची फाईल पुण्याच्या डॉक्टरला दिसू शकते. सोय चांगलीच आहे. प्रश्न फाईलच्या पुढच्या प्रवासाचा आहे. केंद्राच्या डिसेंबर २०२०च्या आरोग्य डेटा धोरणाने नाव-पत्ता काढलेली एकत्रित माहिती संशोधनासाठी आणि निदानाची साधनं तयार करण्यासाठी द्यायची वाट मोकळी केली. ही साधनं बनवतात मुख्यतः खासगी कंपन्या.

नाव काढलं की धोका संपला, असं सांगितलं जातं. ते खरं नाही. अमेरिकेत १९९७ साली लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने निनावी इस्पितळ-नोंदी मतदार यादीशी जुळवल्या आणि मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची फाईल शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर! तेही लाखाच्या आसपास वस्तीच्या शहरात. इथे आमच्या आंदर मावळातल्या शंभर उंबऱ्यांच्या गावात वय आणि दुर्मीळ आजार लिहिला, तरी पारावर नाव कळेल.

२०१८ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानेच ‘दिशा’ कायद्याचा मसुदा आणला होता. निनावी केलेली आरोग्य माहितीसुद्धा धंद्यासाठी वापरायची नाही, विमा आणि औषध कंपन्यांना द्यायची नाही, असं त्यात स्पष्ट होतं. त्याचा कायदा झाला नाही. २०२३चा डेटा संरक्षण कायदा आला, पण तो ओळख पटणाऱ्या माहितीपुरता.

या नोंदींचा मालक रुग्ण आहे, आणि मालकाला न विचारता घेण्याची रीत मावळ-मुळशीच्या या मुलखाने जमिनीबाबत पाहिली आहे. मुळशीत धरणासाठी शेतकऱ्यांच्या रानात परवानगीशिवाय चर खणले गेले, म्हणून १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला.

संशोधन हवंच. आमच्या नोंदींतून उद्या कुणाचा जीव वाचणार असेल, तर त्या जरूर द्याव्यात. पण कोणती कंपनी, कशासाठी, किती पैशांत, हे प्रत्येक आरोग्य केंद्राच्या फलकावर मराठीत लिहा. ‘नको’ म्हणणाऱ्याच्या उपचारात तसूभर फरक पडता कामा नये. आणि या नोंदींवर बनलेली तपासणी आंदर मावळातल्या टाकव्याच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळेल, हे करारातच लिहून घ्या. ज्या कंपनीला एवढंही परवडत नाही, तिला मावळचा एकही केसपेपर देऊ नका.