काढायचं लोखंड

भालकी तालुक्यातल्या आमच्या वाड्याच्या दरवाज्याला जेवढं लोखंड आहे त्यातलं निम्मं फुकटचं आहे, असं माझं मत झालं ते बीदरच्या किल्ल्यात. तिथल्या रंगीन महालाचे कोरीव लाकडी खांब बरीदशाहीपासून उभे आहेत आणि त्यांच्यावर कुणी ॲल्युमिनियमचा अल्ड्रॉप मारलेला नाही. परतीच्या बसमध्येच मी ठरवून टाकलं, आपलाही सागवानी दरवाजा मूळ रूपात आणायचा. सोलापुरात माझी उभी हयात कारकुनीत गेली. फाइलीला टाचणी लावणं आणि काढणं, यापलीकडे लोखंडाशी माझा संबंध आला नव्हता, पण निवृत्त माणसाला असल्या गोष्टी आडव्या येत नाहीत.

या मुलखावर आलेलं प्रत्येक राज्य आमच्या दरवाज्यावर काहीतरी ठोकून गेलंय. सगळ्यात खाली लोहारानं घडवलेले चौकोनी अंगाचे, घुमटी डोक्याचे खिळे. त्यांच्यावर आडव्या जाड पट्ट्या. त्या १९४८च्या उन्हाळ्यात, रझाकारांच्या धास्तीनं, आजोबांनी रातोरात मारून घेतल्या. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य गेलं, पट्ट्या राहिल्या. १ नोव्हेंबर १९५६ला बीदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूरच्या वाट्याला आलो. उदगीरची आत्या एका दिवसात परराज्यातली झाली. पुढे घरनंबराचा कानडी पत्रा आला, तो जुन्या उर्दू आकड्यांच्या पत्र्यावरच ठोकला. वडिलांनी एक साखळी लावली, काकूंनी तो अल्ड्रॉप. प्रत्येकानं आपलं ठोकलं, आधीच्याचं कुणी काढलं नाही.

सरकारी पत्रे बोटानं उचकटले गेले. अल्ड्रॉपचे स्क्रू दोन पिळांत हातात आले. चहा यायच्या आत मी दोन राजवटी आणि काकूंचा बंदोबस्त खाली उतरवला होता. तिथं थांबलो असतो तर आज गावात मला मान असता.

खिळ्यांची गोष्ट वेगळी. लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे खिळा जितका जुना तितका तो भोकात घट्ट आवळून बसतो. शिवाय सागाच्या अंगातलं टॅनिन आणि लोखंड यांचं मेतकूट जमलं की खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडतं. बीदरचे कारागीर जस्त-तांब्याच्या मिश्रधातूला किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून तो काळा करतात, त्यावर चांदीची नक्षी उठून दिसते आणि जगभर नाव होतं. आमच्याकडे तोच रंग निसर्गानं फुकट दिला होता, फक्त त्यात चांदी नव्हती.

आधी रॉकेल. मग डिझेल. मग पुण्याच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, ‘मामा, कोला ओता. त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं, गंज खातं.’ भाचा इंजिनिअर आहे, म्हणून ओतला. गंजानं काही केलं नाही, पण सबंध देवडीतल्या मुंग्या कामाला लागल्या. काकू पायरीवर उभ्या राहून बघत होत्या.

‘काय करूलालास रे?’

‘खिळे काढतोय.’

‘कामून? टोचूलालेत का तुला?’

याला उत्तर नव्हतं. म्हणून मी पहार आणली. डोक्याखाली पहारेचं टोक घातलं, दाब दिला, खिळा जागचा हलला नाही आणि फळीची बोटभर ढलपी मात्र सुटून आली. पहारेखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा असतो हे मला पोरंसुद्धा सांगतात आता. जंबुरानं डोकं धरून ओढलं तेव्हा जंबूर निसटला आणि मी पाठीमागं शेळीच्या दावणीत गेलो. शेळीनं जागा करून दिली, तिचा स्वभाव चांगला आहे.

शेवटी भाड्यानं ग्राइंडर आणला. कटर फिरला की देवडीत दिवाळी. ठिणग्यांनी काकूंच्या वाळत घातलेल्या लुगड्याला भोकं पाडली, त्याबद्दल इथं लिहीत नाही. पण खिळ्यांची डोकी मात्र टपाटप खाली पडायला लागली आणि मला पहिल्यांदाच आपण कामाचे आहोत असं वाटलं. वरची ओळ सगळी साफ झाल्यावर लक्षात आलं की डोकी गेली, खिळे तिथंच आहेत. आता तर धरायलाही काही उरलं नव्हतं.

मग बसवकल्याणकडचे एक सुतार आले. मराठी, कानडी आणि दखनी एकाच वाक्यात बोलणारे. दरवाज्यापुढं उकिडवे बसले, डोकं उडवलेल्या एका खिळ्यावरून अंगठा फिरवला, फळीच्या ढलपीकडं पाहिलं, आणि मला काही न बोलता आपल्या पोराला म्हणाले, ‘हिंदे नोडो.’ पोरगं मागं बघायला गेलं आणि तिथूनच ओरडलं की बघता येत नाही, पोती आहेत.

पोती तुरीची होती. आमचा हा दरवाजा कायम उघडा, त्याची पाठ भिंतीला, आणि मध्ये भाव चढायची वाट बघणारी तूर थप्पी लावून. आमच्या पट्ट्यात तूर म्हणजे ठेव, ती कुणी हलवत नाही. मीही नव्हती हलवली.

पोती बाजूला झाली, दरवाजा पुढं ओढला, आणि मागची बाजू दिसली. प्रत्येक खिळ्याचं टोक दोन बोटं बाहेर काढून, वळवून, पुन्हा लाकडात दाबून बसवलेलं. ओळीनं, एका मापात, सगळी टोकं एकाच दिशेला. त्या लोहारानं चोरासाठी केलेला बंदोबस्त होता तो, आणि मी समोरून ओढत बसलो होतो.

‘आधी मागून उघडायचं असतंय साहेब,’ सुतार म्हणाले. छिन्नीच्या कोपऱ्यानं एक टोक उचललं, हातोडीनं सरळ केलं, टोकावर सुंबा ठेवून दोन हलके ठोके दिले. समोर खिळ्याचं डोकं वर आलं. त्यांनी ते जंबुरानं धरून थोडं पिळलं आणि सबंध खिळा बाहेर काढून माझ्या हातात ठेवला. टोकाकडं अजून चकाकी होती.

डोकी उडवलेले खिळे पुढून ठोकले की मागं सहज निघतात, असं दिसल्यावर मी लगेच म्हणालो, ‘बघा, ग्राइंडरचा फायदाच झाला.’

‘झाला की. आता तेवढे नवे करून आणा.’

दुकानातले खिळे गोल आणि भोकं चौकोनी, म्हणून लोहाराकडं गेलो. गावातला लोहार आता वेल्डिंग करतो. गेट सांगा म्हणाला, शटर सांगा म्हणाला, चौकोनी खिळे ऐकून त्यानं मला बसायला खुर्ची दिली. आजोबांच्या वेळचा भाता त्याच्या दुकानात आहे, त्यावर मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो. तरी जुन्या सळईतून त्यानं घडवले, एकेक करून, आणि पैसे गेटचे घेतले.

सुतारांनी सगळं परत बसवलं. पट्ट्यासुद्धा, कारण त्या काढल्यावर फळ्या एकमेकींपासून सुटायला लागल्या होत्या. मी फक्त एक काम मागून घेतलं. काकूंना अल्ड्रॉप हवाच होता, तो जुन्याच भोकांत मी माझ्या हातानं लावला, स्क्रू पार तळाला लागेपर्यंत पिळले. सकाळी शेळीनं अंग घासलं आणि तो खाली पडला.