पंचांचे पंचांग

लग्न, मुंज, वास्तुशांत, झालेच तर नवी गाडी, कशालाही मुहूर्त काढून देणारी पंचांगे बाजारात ढिगाने मिळतात. पण ज्यांना मुहूर्ताची खरी निकड, त्या जमातीकडे आजवर एकाही पंचांगकर्त्याचे लक्ष गेले नव्हते. ही जमात म्हणजे खेळातले पंच. चुकीचे निर्णय देऊन सुखाने निवृत्त झालेले पंच पोत्याने सापडतील. अवेळी निर्णय देऊन सुटलेला दाखवा! तेव्हा यंदापासून रेफ्री, अंपायर आणि लाइन्समन यांच्यासाठी आम्ही स्वतंत्र पंचांग काढत आहोत. त्यातल्या काही नोंदी वानगीदाखल.

अवकाळी शिट्टी (सर्वथा वर्ज्य): 1978चा फुटबॉल विश्वचषक, ब्राझील विरुद्ध स्वीडन, बरोबरी 1-1. ब्राझीलचा कॉर्नर हवेत असतानाच वेल्सचे रेफ्री क्लाइव्ह थॉमस यांनी सामना संपल्याची शिट्टी फुंकली. पाठोपाठ झिकोने हेडरने चेंडू जाळ्यात धाडला. गोल अर्थातच नामंजूर. आता नियम बघाल तर थॉमस सोळा आणे बरोबर. वेळ संपल्यावर थांबायचे ते फक्त पेनल्टीसाठी. कॉर्नरला ती सवलत नाही. पण नियम पाळायलासुद्धा वेळ पाहावी लागते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. याच दोषाचा उग्र प्रकार जानेवारी 2022मध्ये आफ्रिका चषकात दिसला. माली-ट्युनिशिया सामन्यात झांबियाचे जॅनी सिकाझवे यांनी 85व्या मिनिटालाच खेळ आटोपला. चूक लक्षात आल्यावर तो पुन्हा सुरू केला, आणि 90 मिनिटे भरायला काही सेकंद उरले असताना पुन्हा आटोपला. ट्युनिशियाचे प्रशिक्षक मनगटावरचे घड्याळ त्यांच्या डोळ्यांपुढे नाचवत होते. पुढे संघांना उरलेला खेळ खेळायला परत बोलावण्यात आले, पण ट्युनिशियाचे खेळाडू आलेच नाहीत. माली 1-0 विजयी. रेफ्रींना उन्हाचा त्रास झाला होता, असे नंतर कळले.

यजमानयोग: इंज्युरी टाइम किती द्यावा? अडाणी माणूस म्हणेल, जेवढा वेळ वाया गेला तेवढा. स्पेनच्या ला लिगामधल्या सामन्यांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तो 2005मध्ये प्रसिद्ध झाला. घरचा संघ एका गोलने मागे असेल तर रेफ्री वेळ सढळ हाताने देतात, एका गोलने पुढे असेल तर हात आखडतो, असे त्यात दिसले. तात्पर्य, चौथ्या पंचाच्या हातातला फलक पाहण्याआधी गॅलरीकडे पाहावे.

विलंबित झेंडा: व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पंच, आल्यापासून लाइन्समनला ऑफसाइड दिसला तरी संशयाला जागा असेल तर झेंडा खालीच ठेवायचा असतो. हल्ला पुरता होऊ द्यायचा, मग झेंडा वर. मधल्या काळात खेळाडू जिवाच्या आकांताने धावतात ते निव्वळ व्यायाम म्हणून. मे 2025मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा ताइवो अवोनियी अशाच एका चालीत गोलपोस्टवर आदळला. पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली. आमच्या पंचांगात या वेळेला घातवार म्हटले आहे.

शेवटचे षटक (महादशा): 14 जुलै 2019, लॉर्ड्स, क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत. इंग्लंडला 3 चेंडूंत 9 धावा हव्या. न्यूझीलंडच्या गप्टिलची फेक दुसऱ्या धावेसाठी झेपावलेल्या स्टोक्सच्या बॅटला लागून सीमेपार गेली. अंपायर कुमार धर्मसेना यांनी 6 धावा दिल्या. नियम असा, की फेकीच्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेले असेल तरच ती धाव मोजायची. त्यांनी ओलांडले नव्हते. म्हणजे धावा 5, आणि पुढच्या चेंडूला स्टोक्स समोरच्या टोकाला! चूक झाल्याचे धर्मसेना यांनी नंतर मान्यही केले. हीच चूक बाराव्या षटकात झाली असती तर समालोचकाने चहाचा घोट घेऊन विषय बदलला असता.

अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगने तर आमच्या शास्त्रावर राजमुद्राच उमटवली आहे. चुरशीच्या सामन्यातल्या शेवटच्या 2 मिनिटांत पंचांचे काय बरोबर, काय चूक, याचा जाहीर अहवाल ही लीग 2015पासून दुसऱ्या दिवशी काढते. निकाल बदलत नाही. पराभूत संघाला आपण नेमके कोणत्या सेकंदाला लुटले गेलो, एवढे मात्र छापील मिळते. सामना 48 मिनिटांचा. उरलेल्या 46 मिनिटांचा असा अहवाल नाही. तिथे अभयकाळ.

शंकासमाधान: एका नवशिक्या रेफ्रीचा प्रश्न आला आहे, "गुरुजी, सातव्या मिनिटाला चुकीची पेनल्टी दिली तर?" उत्तर: निःशंक द्यावी. त्यानंतर 83 मिनिटे उरतात. तेवढ्या वेळात पराभवाचे खापर फोडायला गोलकीपर, प्रशिक्षक, खेळपट्टी, हवामान असे पुष्कळ जण मिळतात. नव्वदाव्या मिनिटाला मात्र खरी पेनल्टी दिसली तरी बूट बांधायला वाकावे. शिट्टी न वाजवल्याबद्दल माणसाला शिव्या पडतात, वाजवल्याबद्दल पोलीस संरक्षण घ्यावे लागते.

सातव्या मिनिटाचा गोल आणि नव्वदाव्या मिनिटाचा गोल फलकावर एकच धरला जातो, ही बाब आम्ही पंचांगात छापलेली नाही. ती प्रेक्षकांच्या लक्षात आली तर पंच प्रत्येक मिनिटाला सारखेच तपासले जातील, आणि आमची आवृत्ती रद्दीत जाईल.