दोन टिंबं आणि एक राजीनामा

2018 साली पायथन या संगणकभाषेत := हे चिन्ह आणायचं ठरत होतं. काम एवढंच: यादी मोजायची, आकडा लक्षात ठेवायचा आणि दहाच्या वर आहे का तेही तिथल्या तिथे तपासायचं. एक ओळ वाचते. ती वाचवावी की नाही, यावर जाणत्यांनी महिनोन्‌महिने हजारो ओळी खर्ची घातल्या.

भाषेचे जनक गिडो व्हॅन रोसम यांचं बिरुद होतं ‘तहहयात कनवाळू हुकूमशहा’. जुलैत त्यांनी चिन्हाला मंजुरी दिली आणि लगोलग तहहयात पद हयातीतच सोडलं. आता कारभार कसा चालवायचा? त्यासाठी सात प्रस्ताव आले. शिवाय मतपत्रिकेवर आठवा पर्याय छापला होता: ‘आणखी चर्चा’! नशीब, तो पडला. पाच जणांची सुकाणू समिती आली आणि पहिल्याच समितीत कोण निवडून आलं? गिडोच!

2019 मध्ये चिन्ह 3.8 आवृत्तीत रुजू झालं. ज्याला नको त्याने ते वापरू नये, ही मुभा पहिल्या दिवसापासून होतीच. पण इतक्या स्वस्तात मिटलं, तर त्याला एकमत कोण म्हणणार?